देठावरचं कडं

३ सप्टेंबर

ती. मावशींना,
सा. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या धाकट्या भावाच्या हाताखाली अळंबी संग्रहात मी तीन वर्षं काम करते आहे. इथे मला सगळे टाचणी म्हणतात. एक तर अंगाने तशी आहे म्हणून, आणि दुसरं म्हणजे प्रश्न विचारून टोचत राहते म्हणून. तुमचा पत्ता सरांच्या टेबलावरच्या पाकिटावरून घेतला. त्यांना न विचारता घेतला, त्याची आधीच माफी मागते.

कामाचं सांगते. टोपीखाली पात्या असलेल्या अळंब्यांचं एक कूळ आहे, त्याला आम्ही आपसांत गुलाबी कूळ म्हणतो. टोपी पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली की काही तासांनी खाली बीजाणूंचा ठसा उमटतो, आणि या कुळाचा ठसा फिकट गुलाबी येतो. यांच्या पात्या देठाला चिकटलेल्या नसतात, त्यामुळे टोपी देठावरून अलगद सुटून येते. आणि आपल्या भागात या कुळातल्या कुणाच्याच देठावर कडं नसतं. अपवाद एकीचा. ती सरांनी बत्तीस वर्षांपूर्वी शोधली आणि तिला तुमचं नाव दिलं. तिचा पूर्ण नमुना एकच आहे, आमच्या कपाटात, आणि तो इतका नाजूक आहे की सर कुणालाही हात लावू देत नाहीत.

माझा प्रबंध या कुळाच्या वर्गवारीवर आहे आणि त्याचा सगळा डोलारा तुमच्या नावाच्या त्या जातीवर उभा आहे. तिचा दुसरा नमुना मिळाला तरच तिची जागा ठरवता येईल. तीन मोसम मी भुशाचे ढीग आणि कुजके ओंडके उलथेपालथे करते आहे. चारशे बारा नमुने झाले, कडं एकाच्याही देठावर नाही. तीस नोव्हेंबरला परीक्षक मंडळासमोर उभं राहायचंय. नमुना नसेल तर प्रबंध बंद करणार आहेत. एक परीक्षक मला म्हणाले की पुस्तकात छापलेली गोष्ट जिला तीन वर्षं सापडत नाही तिने डोळे तपासून घ्यावेत. मी खरंच तपासून आले. नंबर पावाने वाढलाय, पण कडं काही दिसलं नाही.

सरांच्या लेखात जागा म्हणून तुमच्या घरामागची लाकडाची वखार दिली आहे. तिथला नेमका कोणता ढीग, आणि त्याच्याभोवती आणखी काय उगवायचं, हे तुम्हाला आठवतं का? सरांनी लिहिलंय की ताजेपणी कडं पांढरं, सैल आणि बोटाने वरखाली सरकणारं होतं. तुम्ही तेव्हा ते पाहिलं असेल, तर जे आठवेल ते चार ओळींत लिहून पाठवाल का? सर थकल्यासारखे दिसतात, त्यांना पुन्हा पुन्हा विचारायला मला संकोच वाटतो.

तुमच्या उत्तराची वाट पाहणारी,
टाचणी


१० सप्टेंबर

चि. ढमूस,
अ. उ. आ.

विभागप्रमुखाला ढमू म्हणायचं नाही असं तू मागे बजावलं होतंस. लक्षात आहे. पण पाकीट बंद असतं, आणि आत मी तुला काहीही म्हणेन. तुझ्या भावोजींचे गुडघे पुन्हा कुरकुरताहेत. कापायच्या यंत्रापाशी उभं राहवत नाही, म्हणून दिवसभर स्टुलावर बसून मला पुठ्ठे कसे कापायचे ते शिकवतात. चाळीस वर्षं पुठ्ठे कोण कापतंय ते विचारायची सोय नाही. दुकानात शाळेच्या रजिस्टरांचा ढीग पडलाय, सगळी शिवून झाली, पाठी लावायच्या राहिल्यात.

आता खरं सांगते. हे पत्र तीनदा लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा रजिस्टरांचा हिशेब काढत बसले.

तुझ्या त्या टाचणीचं मला पत्र आलंय. फार गुणी पोर वाटते. कडं असलेली अळंबी कुठे उगवायची ते तिला हवंय. ढमू, ती कुठेच उगवायची नाही. ती मी केली.

तुला आठवत असेल, मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी तू वखारीकडून टोपली भरून आलास, सगळं चाळण्यांवर ओतलंस आणि गाडी पकडायला पळालास. जाताना सांगून गेलास की पुठ्ठे वाळवायच्या पेटीत मंद उबेवर ठेव. मी ठेवलं. तिसऱ्या दिवशी चाळणी ओढताना माझं कोपर लागलं आणि सगळा माल जमिनीवर. उचलायच्या गडबडीत माझाच पाय पडला. टोप्या पटापट सुटल्या आणि देठांचा भुगा झाला. त्यांतली एक टोपी मात्र धड राहिली होती, इतकी सुबक की ती एकटी ठेववेना. दुसऱ्या चाळणीत तू बागेतून आणलेल्या मोठ्या छत्र्या, म्हणजे वेगळ्याच अळंब्या, होत्या, त्यांतला एक देठ जाडीला बरोबर बसला. पातळ डिंक केला, सगळ्यात बारीक कुंचला घेतला आणि लावला. सांधा दिसला तर तो बाइंडर कसला! तुटलेलं दिसलं की माझे हात शिवशिवतात, तुला ठाऊक आहे. माझ्या मनात एवढंच होतं की तू आल्यावर हिरमुसू नयेस. देठाला कडं होतं ते मी पाहिलंही, पण अळंबीला कडं असलं काय आणि नसलं काय, मला काय कळतंय.

दोन महिन्यांनी तू दुकानात नाचत आलास. कडं आहे, या कुळात कुणाला नसतं आणि हिला आहे, असं ओरडत होतास. मला माझा डिंक आठवला. उद्या सांगू म्हटलं. उद्या तू सांगितलंस की तिला माझं नाव दिलंय. परवा परवा म्हणेपर्यंत तुझा लेख छापून आला आणि तुला नोकरी लागली. मग मी मूग गिळून बसले ते आजतागायत. ह्यांनाही बोलले नाही. लोक दुकानात येऊन म्हणायचे की तुमच्या नावाची अळंबी आहे म्हणे, तेव्हा मी हसायचे आणि आत जाऊन पाणी प्यायचे.

बत्तीस वर्षं मला लाज वाटते आहे, पण ती माझी मी गिळत होते. आता एक पोरगी माझ्या डिंकापायी रानोमाळ हिंडते आहे आणि वर तिलाच आंधळी म्हणताहेत. हे मला सहन होत नाही. तिला सांग. माझं नाव घेऊन सांग. मला जे काय बोलायचं ते तूही बोल, मोठी बहीण म्हणून पोटात ठेवू नकोस.

तुझी
ताई


१७ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं आणि खणात ठेवून कुलूप लावलं. भावोजींना सांग, स्टुलावर बसून हुकूम सोडणं हेच आमच्याकडे विभागप्रमुखाचं काम असतं, त्यामुळे ते योग्य वाटेवर आहेत.

ताई, तुला बोलायला माझ्याकडे काही नाही, कारण मला हे ठाऊक आहे. अकरा वर्षांपासून ठाऊक आहे. एका परदेशी संस्थेने तो नमुना तपासायला मागवला होता. पेटीत भरण्याआधी मी तो भिंगाखाली धरला. टोपी आणि देठ यांच्यामध्ये केसाएवढी चकचकीत रेघ होती. ओली सुई लावली, तर ती रेघ मऊ झाली. इतका सफाईदार सांधा घालणारं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. मग संस्थेला कळवलं की नमुन्याला कीड लागली आहे, पाठवता येत नाही. तेव्हापासून त्या कपाटाची किल्ली माझ्याच खिशात असते.

तुला सांगितलं नाही, कारण तू मोडून पडली असतीस. आईबाबा गेल्यावर तू मला शिकवलंस, पोसलंस, आणि मी तुला परत काय दिलं, तर एका अळंबीला तुझं नाव. तेही काढून घ्यायला हात धजला नाही.

टाचणीचं म्हणशील तर हा विषय मी तिला दिला नाही, तिनेच आणला. नको म्हणालो असतो तर का म्हणून विचारलं असतं, आणि ती एकदा का विचारायला लागली की थांबत नाही. मी तिला आता दुसरा विषय सुचवतो. मंडळातले दोघं माझे जुने स्नेही आहेत, त्यांच्याकडे शब्द टाकतो. तिचं नुकसान होऊ देणार नाही. तू मात्र तिला काही लिहू नकोस. मोघम उत्तर दे, वखार केव्हाच पाडली म्हणून कळव. ते खोटंही नाही.

तब्येतीला जप.

तुझा
ढमू


२४ सप्टेंबर

चि. ढमूस,
आशीर्वाद आहेतच, पण आज हात आखडता घेतलाय.

माझ्यासाठी गप्प राहिलास हे दुसऱ्या कुणाला तरी सांग. मी तुझे लंगोट धुतले आहेत, मला शेंडी लावू नकोस. मी मोडून पडले असते म्हणे! मी बत्तीस वर्षं मनात हेच घेऊन उभी आहे आणि रोज आठ तास पुठ्ठे कापते आहे. आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं. दर पत्रात तू काही विचारतोस की काय म्हणून भीत होते. तू तर तेव्हाच ओळखून बसला होतास. अकरा वर्षं आपण दोघं एकमेकांना तब्येतीला जप म्हणून लिहितोय.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. तुझा तो लेख मीच बांधून दिला होता, निळं कापड, पाठीवर सोनेरी अक्षरं. परवा कपाटातून काढला. आधी कधी वाचला नव्हता, नाव पाहून बंद करायचे. या वेळी बोट ठेवून वाचला, न कळणारे शब्द टाकून. टाचणीने लिहिलंय तेच त्यात आहे. ताजेपणी कडं पांढरं, सैल, बोटाने वरखाली सरकणारं.

ढमू, तू गाडीला पळालास तेव्हा माल ओला होता. परत आलास तेव्हा सगळं वाळून कोळ झालं होतं. ती टोपी आणि तो देठ यांची गाठ मी मधल्या दिवसांत घातली. म्हणजे त्या टोपीखाली ते कडं ताजं असं तू पाहिलंच नाहीस. मग सैल होतं, बोटाने सरकत होतं, हे तू कुठून लिहिलंस?

माझा डिंक माझ्या माथी, तो मी नाकारत नाही. पण ते वाक्य मी चिकटवलेलं नाही. याचं उत्तर दे. तब्येतीचं लिहू नकोस.

ताई


६ ऑक्टोबर

ती. ताईस,
नमस्कार.

उत्तर द्यायला बारा दिवस लागले. खरं तर एका ओळीचं उत्तर आहे. मी ते पाहिलं नव्हतं.

नव्या जातीचं वर्णन लिहिताना ताजेपणी काय दिसलं ते लिहावं लागतं. वाळल्यावर रंग जातो, आकार जातो, म्हणून माल हातात आल्या आल्या टिपण करायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी ते टिपण केलंच नव्हतं, मला गाडी गाठायची होती. लेख लिहिताना ती जागा रिकामी राहिली. रिकामी ठेवली असती तर लेख परत आला असता, आणि नोकरीचा निर्णय त्या लेखावर अडला होता. बागेतल्या कडं असलेल्या छत्र्यांचं कडं जसं असतं तसं मी लिहून टाकलं. आपण कुठे खोटं बोलतोय असं तेव्हा वाटलं नाही. कडं आहे ना, मग ते ताजेपणी असंच असणार, असं वाटलं.

अकरा वर्षांपूर्वी ती रेघ दिसली तेव्हा पहिल्यांदा तुझी आठवण आली हे खरं. पण गप्प बसलो ते तुझ्यासाठी नाही, हे तू ओळखलंस. डिंकाची गोष्ट सांगितली असती तर ती हसण्यावारी गेली असती. बहिणीने मायेने जोडलं, भाऊ फसला, एवढंच झालं असतं. पण त्यानंतर कुणीतरी ते वाक्य वाचलं असतं आणि तू विचारलंस तेच विचारलं असतं. मी पोरांना दर वर्षी पहिल्या तासाला सांगतो की जे पाहिलं नाही ते लिहू नका. सांगताना खिडकीबाहेर पाहतो.

मला स्वतःची किळस येते. तरीही मागतो. मार्चमध्ये मी निवृत्त होतोय. तोपर्यंत थांब. नंतर मी सगळं लिहून देईन.

ढमू


१० ऑक्टोबर

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला महिना लागला. बाई आळशी आहे असं समजली असशील तर ते परवडलं असतं. पोरी, ज्या अळंबीमागे तू तीन वर्षं पाय झिजवलेस ती कुठेही मिळणार नाही. तुझ्या डोळ्यांत काही दोष नाही. ती मी माझ्या हाताने केली आहे.

सोबत चार पानं जोडली आहेत. कोणत्या दिवशी चाळणी पडली, कोणती टोपी, कोणता देठ, डिंक किती पातळ होता, सगळं लिहिलंय आणि खाली सही केली आहे. माझ्या यजमानांचीही साक्ष घेतली. त्यांना मी काल प्रथमच सांगितलं. ते एवढंच म्हणाले की म्हणूनच तू कधी कुणाची वही परत करताना मान वर करून बघत नाहीस. मला वाटायचं हे कुणाच्या लक्षात आलं नसेल.

मंडळापुढे ही पानं ठेव. माझं नाव झाकू नकोस. नमुना पाण्याच्या वाफेवर धर, सांधा आपोआप सुटेल.

मी माझ्यापुरतं लिहिलंय. तुझ्या सरांचं मी काही लिहिलेलं नाही, ते त्यांनी सांगायचं. तू माझी कोण, तरी तुझे तीन पावसाळे वाया घालवले. माफ कर म्हणायचीही लाज वाटते.

तुझी
मावशी


१६ ऑक्टोबर, शोधछावणी

ती. सरांना,
सा. न. वि. वि.

मावशींचं पत्र इथे छावणीवर मिळालं. सर, तुम्हालाही त्यांनी कळवलंच असेल. तुमच्यावर काय आभाळ कोसळलं असेल याची कल्पनाच करवत नाही. ज्या बहिणीचं नाव तुम्ही अभिमानाने दिलंत तिच्याच हातून हे व्हावं, आणि तुम्हाला बत्तीस वर्षं पत्ताही नसावा! त्यांच्यावर रागावू नका. त्यांचं पत्र वाचून मी रडले. नंतर हसलेही, कारण माझ्या चष्म्याचा पाव नंबर फुकट गेला.

मी दोन दिवस विचार केला. तुम्ही मार्चमध्ये निवृत्त होताय, निरोप समारंभाची तयारी आत्तापासून चालली आहे. हे आत्ता बाहेर आलं तर लोक तुमच्या बाकीच्या कामाकडेही वाकड्या नजरेने बघतील. दोष तुमचा काडीचा नसताना. म्हणून मी ठरवलंय की मावशींची पानं मंडळापुढे ठेवायची नाहीत. मला नमुना सापडला नाही, एवढंच सांगेन. प्रबंध बंद होईल, पण मी तरुण आहे. दुसरीकडे कुठेतरी पुन्हा सुरू करता येईल. तुम्ही मला ठसा कसा घ्यायचा इथपासून शिकवलंत. जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही हे तुमच्याकडूनच शिकले. तुमच्यासाठी एवढं करू शकले तर मला बरं वाटेल.

एकच प्रश्न उरलाय, सवयीने विचारते. ताजेपणी कडं सरकत होतं असं तुम्ही लिहिलंय. ते दुसऱ्या एखाद्या नमुन्याचं टिपण चुकून इकडे आलं असेल का? उत्तराची घाई नाही.

तुमची आज्ञाधारक,
टाचणी


२१ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू महिनाभर लिहिलं नाहीस, तो तुझा हक्क होता. महिन्यापूर्वी तिला कळवल्याची तुझी एका ओळीची चिठ्ठी मिळाली, तेव्हा पहिले दोन दिवस मी तुझ्यावर चिडलो होतो हे कबूल करतो. तिसऱ्या दिवशी तिचं पत्र आलं. ते सोबत पाठवतोय, वाच. मी ते वाचताना उभा होतो, बसलो नाही. बसायला आपण लायक नाही असं काहीतरी वाटत होतं.

बघ, किती सोपं होतं. तिने आपणहून गळ्यात फास घालून घेतला होता आणि दोरी माझ्या हातात दिली होती. मी फक्त उत्तर लिहायचं नव्हतं. एक आख्खी संध्याकाळ मी तेच करायचं ठरवलंही होतं, हे तुला सांगतो, म्हणजे तुझा भाऊ कसा आहे ते तुला नीट कळेल. सकाळी तिचा तो शेवटचा प्रश्न पुन्हा वाचला. चूक माझी असूच शकत नाही असं धरून चालून, तिने माझ्यासाठी सबबसुद्धा तयार ठेवली होती. टिपण चुकून इकडे आलं असेल का. हो म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता.

बसने छावणीवर गेलो. ती पडवीत टोप्या कागदावर पालथ्या मांडत होती. मला बघून उठली, खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. मी चहाच्या आधी सांगितलं. अकरा वर्षांपासून माहीत आहे, किडीची गोष्ट खोटी होती, आणि ते वाक्य मी न पाहता लिहिलं. ती टोप्यांवर वाट्या झाकत राहिली. सगळ्या झाकून झाल्यावर तिने एकच विचारलं. तीन वर्षांपूर्वी ती हा विषय घेऊन माझ्या खोलीत आली होती, त्या दिवशी मला माहीत होतं का. मी हो म्हणालो. मग तिने मला परतीची बस किती वाजता आहे ते सांगितलं. चहा आला तो तसाच राहिला.

आठवडाभर तिचा निरोप नव्हता. नंतर संग्रहात आली ती थेट मंडळाला लिहायच्या पत्राचा मसुदा घेऊन. त्यात तुझी चार पानं होती आणि माझ्यासाठी दीड पान कोरं सोडलेलं होतं. मी तिच्यासमोर ते भरलं. एका शब्दाला तिने बोट लावलं, मी 'अनवधानाने' असं लिहिलं होतं. तो मी खोडला.

ते पत्र वाचून मंडळाने तीस तारखेआधीच बैठक घेतली आणि तिला सहा महिने दिलेत. प्रबंधाचा विषय आता हाच आहे, की एक खोटी जात कशी जन्मली आणि तिच्यामुळे कुळाच्या मांडणीत कुठे कुठे चुका शिरल्या. तिचे चारशे बारा नमुने कामी येताहेत. कडं नाही हे दाखवायला तेवढेच लागत होते. ज्यांनी तिला डोळे तपासायला सांगितलं होतं त्यांनी स्वतः उठून माफी मागितली म्हणे. मी त्या बैठकीला नव्हतो, मला बोलावलं नव्हतं. निरोप समारंभ रद्द झालाय, तो मीच करायला सांगितला. नवी पोरं जिन्यात मला वाट करून देतात आणि मी वळेपर्यंत गप्प राहतात.

तुझं नाव यादीतून गेलं, ताई. आता त्या नावाची अळंबी कुठेच नाही. याचं तुला दुःख होईल की सुटल्यासारखं वाटेल ते मला कळत नाही, कारण मी तुला कधी विचारलंच नाही.

काल नमुना उघडला. त्या खोलीत दिवसाही टेबलावरचा दिवा लागतो. सांधा वाफेवर सोडवायचा आणि मग देठाचा काप घ्यायचा, असं काम होतं. माझ्या हाताला पस्तीस वर्षांची सवय, म्हणून मी पातं उचललं. तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं, उद्धटपणे नाही, आपण लहान मुलाच्या हातातून काढून घेतो तसं. म्हणाली की तुम्ही फक्त दिवा धरा. मी तिच्या मागे उभा राहून दिवा धरला. टोपी एका बशीत गेली, देठ दुसऱ्या. ती जे दिसेल ते मोठ्याने बोलत होती आणि त्याच वेळी लिहीत होती, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. दिवा नीट धरायला तिला मला दोनदा सांगावं लागलं.

भावोजींना माझा नमस्कार सांग. लोभ कर असं म्हणायला आज तोंड नाही, तू ठरव.

तुझा
ढमू